पप्पांच्या मोठ्या अक्षरांच्या पत्रिका घेऊन नागपूरला

मम्मी गेल्यापासून पप्पा घरात बसेनासे झाले होते. सकाळी खिडकीपाशी, मग गॅलरीत, मग पुन्हा खिडकीपाशी. पेपर उघडायचा, मिटायचा, टेबलावर ठेवायचा आणि थोड्या वेळाने तोच पुन्हा उघडायचा. मी काम करत बसले की मागून त्यांच्या चपलांचा आवाज यायचा आणि माझंही चित्त थाऱ्यावर राहायचं नाही. एका दुपारी ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"रूथ, मला नागपूरला जायचंय."

"नागपूरला कोण आहे आपलं?"

"कोणी नाही. म्हणून तर."

या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना माझे गड, घाट आणि जंगलं माहीत आहेत. हा प्रवास तसा नाही. वाघ नाही, धबधबा नाही, आणि फोटो तर जवळजवळ नाहीतच, त्याचं कारण पुढे येईल. पण वयस्क आई-वडिलांना घेऊन विदर्भात जायचा विचार करत असाल तर रस्त्याची, खाण्याची माहिती उपयोगी पडेल म्हणून लिहिते. आणि खरं सांगायचं तर लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणूनही.

पप्पा निवृत्त प्राथमिक शिक्षक. नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या शाळांत त्यांची हयात गेली. ते पक्के श्रद्धावान ख्रिस्ती. मी नाताळला आणि ईस्टरला चर्चमध्ये दिसणारी. मम्मीच्या आजारपणात त्यांनी एक पत्रिका लिहिली. पत्रिका म्हणजे दुमडलेला कागद, चार पानं, त्यावर येशूची सुवार्ता. चर्चमध्ये वाटतात त्या पत्रिका बारीक टायपातल्या असतात आणि मम्मीला त्या वाचता यायच्या नाहीत. म्हणून पप्पांनी म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळी लिहिली, शाळेच्या फळ्यावर शोभतील एवढ्या मोठ्या अक्षरांत. नाव ठेवलं 'अजून वेळ आहे'. आत उधळ्या मुलाची गोष्ट होती, घरी परतणाऱ्या मुलाकडे धावत जाणाऱ्या बापाची. शेवटी एक छोटी प्रार्थना.

आमच्या सोसायटीत, चर्चमध्ये, बँकेत सगळ्यांनी ती घेतली. "सर, छान लिहिलंय," असं म्हणून खिशात घातली.

"ओळखीची माणसं मान ठेवून घेतात," पप्पा म्हणाले. "त्यांनी वाचली की नाही, हे मला कधीच कळणार नाही. मला अनोळखी माणूस हवा. जो तोंडावर नको म्हणेल."

मला भीती वाटत होती. हल्ली असले कागद वाटताना कोण कधी मोबाइल काढेल आणि कुठे काय टाकेल, याचा नेम नाही. मी अटी घातल्या. घरात शिरायचं नाही. लहान मुलांना काही द्यायचं नाही. कोणी नको म्हणालं की हसून पुढे व्हायचं. पप्पांनी सगळं मान्य केलं आणि स्वतःची एक अट घातली: फक्त आपल्या वयाच्या माणसाशी बोलायचं. "तरुणांना मी काय सांगणार? त्यांची भाषा मला येत नाही."

जानेवारीत निघालो. पुण्याहून नागपूरला रात्रीच्या गाड्या सोयीच्या, पण तिकीट बरंच आधी काढा, आणि सोबत वडीलधारं माणूस असेल तर खालचा बर्थ मिळाल्याची खात्री करून घ्या. विदर्भाचं ऊन ऐकून माहीत असलेल्यांनी जानेवारीत स्वेटर नक्की घ्यावा. नागपूर स्टेशनावर उतरलो तेव्हा बोलताना तोंडातून वाफ येत होती. सदर भागात एका जुन्या मिशन कंपाउंडमध्ये पाहुण्यांसाठीची खोली मिळाली होती. छत उंच, गाद्या कडक, बाहेर लांब व्हरांडा. हॉटेलच्या मानाने पुष्कळ स्वस्त, पण गरम पाणी बादलीने आणावं लागतं.

नाश्त्याला तर्री पोहे. पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत लाल रस्सा ओततात. पप्पांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी त्यांनी आणखी तर्री मागून घेतली. मला वाटलं, चला, निदान भूक तरी लागली.

पहिला दिवस हुडकेश्वरचा. शहराच्या दक्षिण टोकाला नवनवीन ले-आउट पडत चाललेत. सीताबर्डीहून सिटी बस मिळते, पण पप्पांसाठी मी रिक्षा केली. अर्धे बांधलेले बंगले, मधूनच तुरीचं एखादं उरलेलं शेत, आणि एका कोपऱ्यावर छोटी बाग. बागेत उन्हाला पाठ करून म्हातारी मंडळी बसलेली.

पप्पा एका बाकाच्या टोकाला जाऊन बसले. शेजारच्या गृहस्थांनी मफलर डोक्याला गच्च गुंडाळला होता. ते वानखेडेजी, उमरेडकडच्या एका गावात आयुष्यभर शेती केलेले, आता मुलाच्या घरी राहायला आलेले. पप्पांनी आपण शिक्षक होतो असं सांगून पत्रिका पुढे केली तशी त्यांनी ती डोळ्यांपासून लांब धरली.

"कोणाचं लग्न हाय?"

"लग्नाची नाही. वाचून पाहा."

"'अजून वेळ आहे.'" ते मोठ्यांदा हसले. "गुरुजी, वेळच वेळ हाय न माह्याजवळ! सकाळपासून वेळच हाय. तो कसा घालवाचा, ते लिवलं हाय का यात?"

पप्पा गोंधळले. मग म्हणाले, "तसं नाही लिहिलेलं."

"मंग ते लिवा." त्यांनी पान उलटलं. पहिलंच वाक्य होतं, 'तुम्ही एकटे आहात का?' त्यांनी मान हलवली. "एकटा काहून राहीन? घरात सात जणं हायेत. पण गावात मी बोललो की चार माणसं ऐकून घेत. इथं मी तोंड उघडलं की नातसून टीव्हीचा आवाज वाढवते."

ते बराच वेळ बोलत राहिले. ओलिताची शेती, बैल, विकून टाकलेली विहीर. पप्पा ऐकत राहिले. निघताना वानखेडेजींनी पत्रिका स्वेटरच्या आत ठेवली, पण ते ती वाचतील असं काही म्हणाले नाहीत. बाकीच्यांपैकी दोघांनी हात जोडून नको म्हटलं, एकीने घेतली आणि तिच्यात सोललेल्या संत्र्याची सालं ठेवली.

परतताना पप्पा रिक्षात एकसारखे बाहेर बघत होते. "पहिलं वाक्यच चुकलंय," ते म्हणाले. मी विचारलं, काय चुकलंय? "घरात सात जणं आहेत त्यांच्या," एवढंच ते म्हणाले. संध्याकाळभर ते व्हरांड्यात फेऱ्या मारत होते.

दुसऱ्या दिवशी कन्हान. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो, ती स्वच्छ आणि रिकामी. पुढे शेअर ऑटो. कामठीची छावणी लागली की रस्त्याला मोठमोठी झाडं आणि अचानक शांतता, मग गाव, मग कन्हान नदीचा पूल. पुलापलीकडे हवेत कोळशाची धूळ. इथे आसपास खाणी आहेत, ट्रकमागून ट्रक जातात. नाकावर रुमाल धरूनच उतरा.

बाजाराजवळच्या चहाच्या टपरीवर खाणीतून निवृत्त झालेले एक काका भेटले. पप्पांचं त्यांच्याशी छान जमलं. गुडघे, साखर, झोप. काकांनी पत्रिका घेतली आणि चष्मा शोधू लागले. तेवढ्यात एक मोटरसायकल थांबली. तिशीचा माणूस, अंगावर जॅकेट. त्याने काकांच्या हातातली पत्रिका अलगद काढून घेतली.

"काय वाटून राहिले, काका?" त्याने पप्पांना विचारलं आणि पत्रिका वाचली. "येशू. बरं. किती भेटतात याचे?"

"कशाचे?" पप्पांनी विचारलं.

"एक माणूस तुमच्या धर्मात वळवला की किती भेटतात?"

"काही मिळत नाही. छपाईसुद्धा माझ्या पेन्शनमधून."

"सगळे असंच म्हणतात." त्याने मोबाइल वर धरला. "नाव सांगा. गाव सांगा. इकडं पाहून सांगा."

मी पप्पांचा दंड धरला. ते उठले, पण निघायला नाही. वर्गासमोर उभे राहावेत तसे उभे राहिले आणि स्वतःचं पूर्ण नाव, गाव, कोणकोणत्या शाळांत शिकवलं ते सगळं सांगायला लागले. 

"जाऊ दे न गा," काका म्हणाले. "म्हातारा माणूस हाय."

"म्हातारा हाय म्हणून तं विचारून राहिलो. आमच्या घरोघरी म्हातारे हायेत. दिवसभर एकटे बसून राहतात. त्याईच्या डोक्यात कोण काय भरते, ते आम्ही विचाराचं नाही का?"

"विचारा," पप्पा म्हणाले. "जरूर विचारा."

 त्याने मोबाइल माझ्याकडे वळवला. "अन् ह्या कोण?"

मी तोंड फिरवलं आणि पप्पांना जवळजवळ ओढत समोरच्या ऑटोत बसवलं. तो माणूस मागे आला नाही. पण तो व्हिडिओ त्याच्याजवळ होता, माझ्या चेहऱ्यासकट. त्यानंतर कोणावर मोबाइल रोखून फोटो काढावासा मला वाटला नाही. ऑटो पुलावर आला तरी पप्पा पत्रिकांची पिशवी मांडीवर धरून मागे वळून बघत होते. 

"जरा उतरू या," कामठी आली तसे ते म्हणाले. "मला बसायचंय."

त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मुख्य रस्त्यावर बसायला जागा नव्हती म्हणून आम्ही एका गल्लीत वळलो. दोन्ही बाजूंनी मागांची खटखट. कामठीत अजून यंत्रमाग आहेत आणि त्यांच्या गल्लीत शेजारी चालणाऱ्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. एका घरापुढे उन्हात बाज टाकलेली होती आणि बाजेवर पांढऱ्या साडीतली एक म्हातारी पाय सोडून बसली होती.

"बसा, बसा इथं," ती सरकून म्हणाली. "चेहरा तं पाहा ह्याईचा! वं माया, पाणी आण. गूळ पण आण."

माया तिची सून. दारातच शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत होती. तिने पाणी आणि गुळाचा खडा आणून दिला. म्हातारीचं नाव शेवंताबाई. पंच्याहत्तरीच्या आसपासची, आयुष्यभर विड्या वळलेली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. तिने आम्ही कुठले, कशाला आलो, हे विचारायच्या आधी पप्पांना आडवं व्हायला लावलं.

पप्पांनी तिला पत्रिका दिली नाही. मी शपथेवर सांगते. पिशवी कलंडली होती आणि वरची एक बाहेर आली होती. तिनेच ती उचलली.

"हे काय हाय? अक्षरं मोठी दिसून राहिली."

"आजी, राहू द्या ते," मी म्हणाले.

"काहून? मले वाचता येते. पन्नाशीनंतर शिकली मी, साक्षरतेच्या वर्गात. पण अलीकडं डोळ्यानं घोटाळा केला. हे दिसते मले."

आणि तिने वाचायला सुरुवात केली. शब्दाखाली बोट, एकेक अक्षर जोडत, मोठ्यांदा. सुरुवातीला मागांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. मग वीज गेली. एकाएकी सगळी गल्ली गप्प झाली आणि फक्त तिचा आवाज राहिला. माग चालवणारी माणसं दाराशी येऊन उभी राहिली. तिला त्याचं काही नव्हतं. बाप मुलाला लांबून पाहतो, त्या ओळीशी ती थांबली, पुन्हा मागे गेली आणि ती ओळ परत वाचली.

पप्पा उठून बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. इतक्या पत्रिका वाटल्या, पण कोणी ती शेवटपर्यंत वाचताना त्यांनी आजवर पाहिलंच नव्हतं.

"चांगलं लिवलं," ती म्हणाली. "कोणी लिवलं?"

"मी."

तिने त्यांना नीट न्याहाळलं. "मंग तुम्हाले खरं सांगते. मी काही तुमच्यात येत नाही. छप्पन साली दीक्षेले गेली होती मी, बापाच्या खांद्यावर बसून. इतकुशी होती. बापानं एकदा उचललं. आता या वयात दुसऱ्यांदा कोण उचलते मले?"

पप्पांनी मान डोलावली. तोंडावर नको म्हणणारं माणूस त्यांना भेटलं होतं, पण ते नाराज दिसले नाहीत.

"आता माहं वाचा," शेवंताबाई म्हणाली.

मायाने आतून एक छोटं पुस्तक आणून दिलं. बुद्ध वंदनेचं, हातात मावेल एवढं, मुंगीएवढ्या अक्षरांचं. "आजीले हे दिसत नाही," माया म्हणाली. "मले शिवणामुळं टाइम भेटत नाही. मोबाइलवर लावून देते, तं झोपून जाते."

पुस्तक पप्पांच्या हातात होतं. त्यांनी ते उघडलं नाही. "बाई," ते म्हणाले, "माझ्या धर्मात हे... मला हे कसं..."

"मी तुमचं वाचलं. मले काही झालं का?"

पप्पांनी पुस्तक बाजेवर ठेवलं, पाण्यासाठी आभार मानले आणि उभे राहिले. "निघू या," ते मला म्हणाले. शेवंताबाईने अडवलं नाही. "सावकाश जा," एवढंच म्हणाली.

खोलीवर येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं. आठवडाभर राहायचा बेत रद्द. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीचं तत्काळ तिकीट मिळालं. मग मी मोबाइलवर कन्हानचा व्हिडिओ शोधत बसले. कन्हान, सुवार्ता, म्हातारा, जे जे सुचेल ते टाकून पाहत होते. काहीच सापडत नव्हतं आणि त्यानेही जिवाला स्वस्थता येत नव्हती. पप्पा व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. संध्याकाळी जेवायला सावजी रस्सा आणला होता. नागपूरला येऊन तो न खाता जाऊ नये, पण तिखट कमी करायला सांगा. पप्पांनी भाकरी कुस्करली आणि तशीच ठेवली.

"रूथ, तिने वाचलं."

"मग तुम्हीही वाचायचं होतं."

"तुला सोपं आहे. तुला कशाचंच काही वाटत नाही."

हे मला लागलं. मी ताटं उचलायला लागले. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "मी वाचलं तर प्रभूसमोर खोटा ठरेन असं वाटलं. आता वाटतंय, न वाचून तिच्यासमोर खोटा ठरलो. काय करू सांग."

मी तिकिटाची वेळ पुन्हा पाहून घेतली.

सकाळी मी उठले तर पप्पा टोपी, मफलर घालून बसलेले. "कामठीला जाऊन येऊ."

"पप्पा, दुपारची गाडी आहे. आणि काल काय झालं ते विसरलात? तो माणूस पुन्हा भेटला तर?"

"तो कन्हानचा. आपण कामठीला जातोय."

"पुलाच्या या बाजूला मोबाइल नसतात का?" माझा आवाज चढला. मम्मी गेल्यापासून मी त्यांच्यावर ओरडले नव्हते, त्या सकाळी ओरडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि चपला घातल्या. ते एकटेच निघाले असते. मी सामान उचललं आणि मागून गेले.

शेवंताबाई त्याच बाजेवर होती. आम्हाला पाहून तिला आश्चर्य वाटलं असलं तरी तिने ते दाखवलं नाही. पप्पा तिच्यासमोर उभे राहिले.

"बाई, आधी एक सांगतो. मी हे मानत नाही. माझा तारणारा येशू आहे आणि मरेपर्यंत तोच राहील. पण तुम्ही मागितलं आणि मी न वाचता गेलो, ते बरोबर झालं नाही. वाचू का?"

"मी तरी तुमचं कुठं मानलं? वाचलं. बसा."

त्यांनी डोळे मिटून क्षणभर मनात प्रार्थना केली, मग पुस्तक उघडलं. पाली शब्द त्यांना नवे होते. तरी आयुष्यभर पोरांना धडे वाचून दाखवलेला तो आवाज, ठळक, प्रत्येक अक्षर सोडवून उच्चारणारा. मागांच्या खटखटीवर चढवून ते वाचत राहिले. मी दारात उभी राहून गल्लीच्या दोन्ही टोकांवर नजर ठेवून होते. हळूहळू मला दुसराही आवाज ऐकू यायला लागला. शेवंताबाई त्यांच्याबरोबर म्हणत होती, कधीकधी त्यांच्याही पुढे.

पप्पा थांबले. "तुम्हाला तर सगळं पाठ आहे! मग मला कशाला वाचायला लावलं?"

"पाठ हाय," ती म्हणाली. "पण संगं म्हणायले माणूस नव्हतं."

 पप्पांनी पान उलटलं आणि शेवटपर्यंत वाचलं.

चहा झाला. माझं लक्ष घड्याळाकडे. शेवंताबाईने उशीखालून आदल्या दिवशीची पत्रिका काढली, तिची घडी मोडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "एक विचाराचं होतं. हा बाप पोराले लांबून पाहते अन् धावते. म्हातारा असन न तो?"

"असणार."

"म्हातारा माणूस धावते?"

पप्पा काही बोलायच्या आत मायाचं मशीन थांबलं. शेवंताबाई पुढे बोलू लागली. तिचा धाकटा मुलगा मायाच्या नवऱ्याशी, म्हणजे स्वतःच्या भावाशी, भांडून घर सोडून गेला होता. रायपूरकडे आहे म्हणतात. फोन लागत नाही. किती वर्षं झाली हे तिने सांगितलं नाही.

"उन्हासाठी बसते असं सगळ्याईले सांगते मी," ती म्हणाली. "उन्हासाठी नाही बसत. इथून गल्लीचं तोंड दिसते." मग गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाली, "तो आला तं मी बी धावीन. पडली तं पडली."

मायाने पदर डोळ्यांना लावला. पप्पांनी पत्रिका हातात घेतली. मी त्यांना ओळखते. पत्रिकेच्या शेवटी छापलेली प्रार्थना ते आता म्हणायला लावतील, असं मला वाटलं. त्यांनी तसं केलं नाही.

"बाई, तुमच्या मुलासाठी मी माझ्या देवाजवळ मागितलं तर चालेल का? तुम्ही काही म्हणायचं नाही. नुसतं मी."

"मागा," शेवंताबाई म्हणाली. "पण जोरात मागा. मले कमी ऐकू येते."

मग कामठीच्या त्या गल्लीत, भर दिवसा, यंत्रमागांच्या गोंगाटात माझ्या वडिलांनी ओरडून प्रार्थना केली. मुलाचं नाव विचारून घेतलं आणि ते नाव घेऊन ओरडले. शेजारच्या दारातून माणसं बाहेर आली. मी सामान हाताशी ओढलं. एक उंच माणूस सरळ आमच्याकडेच चालत आला, हातात मोबाइल.

"आजी, काय चालू हाय? कोण हायेत हे लोक?"

शेवंताबाईने डोळे उघडले नाहीत. "माहे पाहुणे हायेत," ती म्हणाली. "पोरासाठी मागून राहिले. मधात बोलू नको."

तो माणूस थबकला. त्याने मोबाइल खिशात ठेवला आणि प्रार्थना संपेपर्यंत तिथेच उभा राहिला. पप्पांनी आमेन म्हटल्यावर त्याने विचारलं, "रायपूरवाल्यासाठी का?" आणि आमचं सामान उचलून ऑटोपर्यंत आणून दिलं.

आमची गाडी चुकली. कामठी रोडवर दुपारी ट्रक असतात, तेव्हा स्टेशन गाठायचं असेल तर भरपूर वेळ हाताशी ठेवा. मी रागावेन असं पप्पांना वाटत होतं. मी रागावले नाही, का ते मलाही कळलं नाही. संध्याकाळची ट्रॅव्हल्स मिळाली. समृद्धी महामार्गावरून ती सुसाट जाते, पण म्हाताऱ्या माणसाच्या कमरेला ती काही मानवत नाही. पप्पा एका जागी बसून होते. मला वाटलं, झोपले. पाहिलं तर डोळे उघडे.

पुण्याला आल्यावर पुढच्या रविवारी चर्चमध्ये साक्षीच्या वेळी, म्हणजे आपले अनुभव सगळ्यांसमोर सांगायच्या वेळी, पप्पा उभे राहिले. मी मागच्या बाकावर होते. नाताळ नाही, ईस्टर नाही, तरी गेले होते. पप्पांनी सगळं सांगितलं. कन्हान सांगितलं, शेवंताबाई सांगितली, वंदना वाचून दाखवली तेही सांगितलं. ते गाळलं असतं तर कोणाला कळणारही नव्हतं.

"मग ती बाई विश्वासात आली का?" चर्चच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं.

"नाही."

"आणि तुम्ही त्यांचं पुस्तक वाचलंत?"

"हो. पूर्ण."

चर्चमध्ये कुजबुज झाली. त्या आठवड्यात चर्चमधले दोघे आमच्या घरी येऊन गेले. प्रेमाने बोलले, चहा घेतला. ज्येष्ठांचा बायबल वर्ग पप्पा चालवतात, तो काही दिवस दुसऱ्या कोणीतरी घ्यावा असं ठरलं होतं. पप्पा म्हणाले, "ठीक आहे." ते गेल्यावर मी म्हणाले, "कशाला सांगितलंत सगळं?" ते म्हणाले, "तिच्या घरी मी जे केलं ते उघड्यावर केलं. इथे लपवायचं?"

काय उरलं, असं प्रवासाच्या शेवटी मी नेहमी लिहिते. या वेळी जमत नाहीये. तो व्हिडिओ अजून कुठे दिसलेला नाही आणि मी अजून शोधते. कन्हानच्या त्या माणसाचा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. त्याची विचारायची रीत मात्र अजून अंगावर येते. मायाचा मधूनमधून फोन येतो. धाकटा अजून आलेला नाही. शेवंताबाईच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळाली आहे. पप्पा अजूनही घरात बसत नाहीत. पण परवा ते फेऱ्या मारताना मी लॅपटॉप बंद केला आणि त्यांच्याबरोबर चालायला लागले. गॅलरीपर्यंत, परत खिडकीपर्यंत.  मग मी विचारलं, की त्या दिवशी कामठीत तुम्ही इतक्या जोरात काय मागत होता? मला भीतीपोटी त्यातलं मुलाच्या नावापलीकडे काहीच ऐकू आलं नव्हतं.

"तो येईल तेव्हा ती पडू नये, एवढंच," पप्पा म्हणाले. आणखी एक फेरी झाल्यावर त्यांनी विचारलं, "कामठीला ऊन कधीपासून कडक होतं गं?"

"मार्चपासून."

"मग फेब्रुवारीतच गेलेलं बरं."